फौजीच्या पोरांसाठी सोलापुरात काही सुरू करता येईल का?

कंबरतलाव · शनिवार, रात्री १०.४२

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. नवरा फौजेत नाईक आहे. सध्या फील्डला आहे, म्हणजे तिथे कुटुंब नेता येत नाही, एवढंच लिहिते. लग्नाला तेरा वर्षं झाली, त्यातली एकत्र काढलेली मोजली तर जेमतेम चार भरतील. घरी मी, सासूबाई, मुलगी सहावीत आणि मुलगा दुसरीत.

गेल्या १५ ऑगस्टला एका मंडळाने जवानांच्या कुटुंबांचा सत्कार ठेवला होता. हेतू चांगलाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. शाल झाली, श्रीफळ झालं. मग निवेदकाने माझ्या मुलाला उचलून टेबलावर उभं केलं, तोंडापुढे माइक धरला आणि विचारलं, "बाळ, पप्पांची आठवण येते का?" तो गप्प. त्यांनी परत विचारलं. समोर एवढी माणसं, निम्म्यांचे मोबाइल वर. पोराने तिथेच चड्डी ओली केली. लोकांना वाटलं रडतोय, टाळ्या पडल्या. रिक्षात बसेपर्यंत नारळ एका हातात आणि हा माझ्या पदरात तोंड खुपसून. त्यानंतर गणपतीत आरतीलासुद्धा खाली उतरला नाही. कुठेही मांडव दिसला की हात सोडवून मागे पळतो.

तर सत्कार नको. मग काय हवंय ते मला नीट सांगता येत नाहीये, म्हणून तर इथे विचारतेय. पुण्याला पीस पोस्टिंगवर, म्हणजे जिथे कुटुंब नेता येतं तिथे, क्वार्टरमध्ये होतो तेव्हा मागच्या ग्राउंडवर सगळी पोरं सारखीच. कुणाचा ना कुणाचा बाप बाहेर असायचाच, त्यामुळे कोणी कोणाला काही विचारायचं नाही. इथे वर्गात माझा एकटाच. महिन्यातून दोनदा, शनिवारी संध्याकाळी दोन तास, अशी आठ-दहा मुलं कुठेतरी एकत्र खेळली तर? असं काही शहरात आधीपासून चालू असेल तर तेही सांगा.

कडक_भाकरी · शनिवार, रात्री ११.१५

ताई, मुलाचं वाचून कसंतरीच झालं. पण एक विचारतो, राग मानू नका. फक्त फौजींचीच पोरं का? आमच्या बोळात एकाचा बाप आठ वर्षं दुबईत एसी बसवतोय. समोरचा ट्रकवर आहे, महिन्यातून चार रात्री घरी असतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं सहा महिने आजीपाशी राहतात, त्यांना तर कोणी शालही देत नाही. बाप घरी नाही म्हणजे नाही, त्यात सीमा आणि बिगरसीमा काय?

कंबरतलाव · रविवार, सकाळी ७.०५

रागबिग काही नाही. शाल हवी तर घेऊन जा, घरात तीन पडल्यात. सोलापुरात माणसाला पांघरुणाची काय कमी?

फरक असला तर एकच. दुबईतल्या बापाचं काय झालं ते टीव्हीच्या पट्टीवर येत नाही. गेल्या वर्षी खाली पट्टी चालली होती, कुठेतरी चकमक, जवान जखमी, नाव नाही, गाव नाही. मुलीने रिमोट घेऊन आवाज बंद केला आणि माझ्याकडे न बघता टेबलावरच्या माझ्या फोनकडे बघत बसली. किती वेळ कोण जाणे, भाकरी तव्यावर करपली तेव्हा माझ्या लक्षात आलं. फोन आला दुसऱ्या दिवशी दुपारी. तेव्हापासून केबल काढून टाकली आहे.

पण तुमच्या समोरच्या ट्रकवाल्याचं पोरगं आलं तर मला काहीच अडचण नाही. उलट बरंच.

पल्टणवाला · रविवार, सकाळी ९.३०

जय हिंद वहिनी. चोवीस वर्षं नोकरी करून सुभेदार म्हणून घरी आलो, आता होटगी रोडला द्राक्षबागेत माती खातोय.

तुम्ही युनिट आणि जागा लिहिली नाही हे फार चांगलं केलंत. पुढे काही सुरू केलंत तर हीच शिस्त ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणाचा बाप कुठे आहे, कधी निघाला, कोणत्या गाडीने सुट्टीवर येतोय, यातलं काही लिहायचं नाही. बायका कौतुकाने लिहितात आणि पल्टणची मूव्ह गावभर होते.

आता जे आहे ते सांगतो. प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं, वर पुण्याला सैनिक कल्याण विभाग. आजी-माजी दोन्ही सैनिकांची कामं तिथे होतात. बाहेरगावी शिकायला ठेवायचं असेल तर सैनिकी मुला-मुलींची वसतिगृहं बऱ्याच जिल्ह्यांत आहेत, चौकशी करा. पंतप्रधान शिष्यवृत्तीत मुलीला महिना ३,००० आणि मुलाला २,५०० रुपये मिळतात, पण ती माजी सैनिकांच्या आणि विधवांच्या मुलांना, पदवीच्या व्यावसायिक शिक्षणासाठी. तुमचा मालक नोकरीत आहे तोवर ती नाही. त्याला पगारातून मुलांचा शैक्षणिक भत्ता मिळत असेल, दोन मुलांपर्यंत. जानेवारी २०२४ पासून तो दर मुलामागे महिना २,८१२ रुपये ५० पैसे झाला आहे. पन्नास पैसे कोण देतं घेतं ते विचारू नका.

सातारची सैनिक शाळा १९६१ ची, देशातली पहिली. तिथे सैनिकांच्या मुलांना राखीव जागा असतात, पण सहावीपासून. एनसीसी आठवीच्या आसपास सुरू होते. दुसरीतल्या पोराला यातलं काहीच नाही.

छावणीत आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन आहे, १९६६ पासून. बालवाडी, शिबिरं, सहली सगळं बघतात. पण छावणी पाहिजे ना! आपल्याकडे लष्कर नावाचा भाग आहे, सदर बझार आहे, फक्त त्यातली छावणी इंग्रजांच्या काळातच उठली. आता जवळ म्हणजे पुणे, अहिल्यानगर नाहीतर बेळगाव. इथली कुटुंबं विखुरलेली, एक अक्कलकोट रोडला, एक विजापूर रोडला, एक पार बार्शीत. दुकानात भेटले तरी ओळखणार नाहीत. तुमची अडचण ही आहे.

दूरदेशी_सोलापूरकर · रविवार, सकाळी ११.५०

पल्टणवाले काका, 'विखुरलेली' हा शब्द अगदी बरोबर जागी पडला.

मी टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला असते. शहराभोवती तीन मोठे लष्करी तळ आहेत, माझ्या मुलाच्या वर्गात दरवर्षी तीन-चार मुलं तरी सैनिकांची असतात. तळावरच्या मुलांसाठी इथे युवा केंद्रं, खेळ, सगळं पूर्वीपासून आहे. अडचण आली ती इराक-अफगाणिस्तानच्या वेळी, नॅशनल गार्ड आणि राखीव दलाची माणसं पाठवायला लागले तेव्हा. ही माणसं एरवी गावात शेती करणारी, गॅरेज चालवणारी. बाप अचानक वर्षभर गायब आणि शाळेत कोणाला पत्ताच नाही. त्यांच्यासाठी ऑपरेशन मिलिटरी किड्स नावाचा उपक्रम निघाला. तो चालवला कोणी, तर फोर-एचसारख्या संस्थांनी, ज्या आधीपासून खेड्यापाड्यांत शेळ्या पाळायला आणि शिवणकाम शिकवत होत्या. नवी इमारत नाही, नवं काही नाही. आहे त्या क्लबात या मुलांना ओळखून जागा करून दिली. २००४ पासून एका संस्थेची आठवडाभराची फुकट उन्हाळी शिबिरंही आहेत.

२०१० मध्ये इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या मासिकात दीड हजार कुटुंबांवरचा एक अभ्यास आला होता. त्यातल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात बसल्यात. एक म्हणजे आई किंवा वडील जितके जास्त महिने बाहेर, तितके मुलांचे त्रास जास्त, आणि ते त्रास परत आल्यावर आपोआप मिटत नाहीत, तेव्हाही असतात. दुसरी, घरी राहिलेल्या पालकाचं मन कसं आहे त्यावर मुलाचं फार अवलंबून असतं. म्हणजे ताई, त्या दोन तासांत तुम्हाला कोणीतरी चहा करून दिला पाहिजे.

एक उचलण्यासारखं. १९८९ पासून इथे एक संस्था सैनिकांकडून गोष्टीचं पुस्तक वाचून घेते आणि ते रेकॉर्डिंग घरी पाठवते. रात्री पोराला बापाचा आवाज ऐकू येतो.

आणि एक न उचलण्यासारखं. १९८६ पासून इथे एप्रिल हा सैनिकांच्या मुलांचा महिना म्हणून पाळतात, सगळी शाळा जांभळे कपडे घालून येते. काही मुलांना आवडतं. माझ्या मुलाचा मित्र त्या दिवशी मुद्दाम हिरवा शर्ट घालून आला होता. तुमच्या टेबलावरच्या माइकचंच ते सौम्य रूप आहे.

पल्टणवाला · रविवार, दुपारी १२.२०

रेकॉर्डिंगची कल्पना झकास. पण चौकीवरून नको, तिथे फोनला बंदी तरी असते नाहीतर रेंज नसते. छुट्टीवर आला की घरी बसवून दहा गोष्टी रेकॉर्ड करून घ्या. साठ दिवस सालाना सुट्टी, तीस दिवस सीएल म्हणजे किरकोळ रजा, एवढ्यात दहा गोष्टी व्हायला हरकत नाही. माझ्या वेळी हे सुचलं असतं तर! आमची पोरं वाढली पत्रांवर. पत्त्यात गावच नसायचं, नुसतं '५६ एपीओ', म्हणजे फौजेच्या टपालखात्याचा नंबर. धाकटी नकाशात छप्पन नंबरचं गाव शोधायची.

शाळामास्तर · रविवार, दुपारी ४.१०

दक्षिण सोलापुरात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. माझ्या वर्गात अशी दोन मुलं होती, सध्या एक आहे.

पोरगं बिघडतं ते बाप गेल्यावर, असं सगळ्यांना वाटतं. मला उलट दिसलं. बाप सुट्टीवर आला की पहिले चार दिवस पोरगं शाळेत डोकं वर करून चालतं, पाचव्या दिवसापासून गृहपाठ बंद, मारामाऱ्या सुरू. घरात बापाने आल्या आल्या शिस्त लावायला घेतलेली असते, आणि आईने वर्षभर लावलेली घडी मोडते. मग सुट्टी संपत आली की पोटात दुखतं. एकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मला साठ चौकोन सापडले, रोज एक खोडलेला. गणिताच्या वहीत. मी रागावणार होतो, नशीब आधी मोजले.

मुलींचं वेगळं. त्या बिघडत नाहीत, फार शहाण्या होतात, आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटते. गॅसचा नंबर लावणं, आजीच्या गोळ्या, धाकट्याचा डबा. शिक्षक म्हणतात, काय समंजस पोरगी!

शाळेला काय करता येईल तर फार थोडं. वर्गशिक्षकाला सुट्टीचा काळ सांगून ठेवा, म्हणजे त्या आठवड्यात आम्ही चाचणीचे गुण बघून तोंड वाजवणार नाही. बाकी तुमच्या शनिवारला माझा हातभार आहे. मला कॅरम येतो, बाकी काही येत नाही.

कंबरतलाव · रविवार, संध्याकाळी ६.३५

सर, ती शहाणी मुलगी माझीच लिहिलीत. आत्ता हे वाचताना ती मागे कणीक मळतेय. मी सांगितलं नव्हतं.

गोदाक्का · सोमवार, दुपारी २.००

भाच्याकडून टाइप करून घेतेय.

तुम्ही सगळ्यांनी बाप, बाप असंच लिहिलंय. माझी लेक सीआरपीएफमध्ये आहे. जावई इथे यंत्रमागावर, रात्रपाळी असते, नातू माझ्यापाशी. पाच वर्षांचा आहे. वर काकांनी आजी-माजी सैनिक लिहिलं, ते पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं माझंच चाललंय.

बाप परमुलखात गेला तर लोक छाती फुगवतात. आई गेली तर विचारतात, "अगं बाई, एवढ्याशा पोराला टाकून कशी गेली?" ते पोराच्या देखत. परवा किराणा दुकानात एकीने विचारलं तर नातू म्हणाला, "टाकून नाही गेली, ठेवून गेलीय." मी दुकानातून तेल न घेताच आले.

माझा नातू चालेल का तुमच्यात? सीआरपीएफ फौज नाही म्हणतात.

पल्टणवाला · सोमवार, दुपारी २.४०

अक्का, कागदावरचं सांगतो. सीआरपीएफ, बीएसएफ ही दलं गृह मंत्रालयाकडे येतात, फौज संरक्षण मंत्रालयाकडे. त्यामुळे माजी सैनिकांच्या सवलती त्यांना लागू होत नाहीत, त्यांची कल्याणाची यंत्रणा वेगळी आहे. पंतप्रधान शिष्यवृत्तीसुद्धा त्यांच्यासाठी वेगळी असते, ती त्यांच्या दलामार्फत.

कागदाबाहेरचं सांगायचं तर, ज्याने माझ्यापुढे त्या पोराला तू फौजेतला नाहीस म्हटलं त्याला मी द्राक्षबागेत फवारणीला उभा करीन.

लेझीमवाला · सोमवार, रात्री ११.५५

ताई, दोन दिवस झालं वाचलालो हे सगळं. लिहू का नको करलालतो.

मी पण फौजीचंच पोरगं हाय. कारगिलच्या वक्ताला चौथीत होतो. १९९९, मे ते जुलै. बाप वर होता. घरी फोन नव्हता, कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याकडं यायचा. तो पोरगं पाठवायचा बोलवायला, आम्ही अनवाणी पळत जाईस्तोर कट. आई पेपर आधी स्वतः वाचायची, मग आमच्या हाती द्यायची. कधी कधी एक पान गायब असायचं.

त्या दोन महिन्यांत गल्लीतला जो येईल तो डोक्यावरनं हात फिरवायचा. मास्तर, मारवाडी, देवळातला गुरव, सगळे. लई चीड यायची. डोकं काय तुमच्या बापाचं हाय का, असं म्हणावं वाटायचं.

एकच माणूस हात फिरवत नव्हता. आमच्या तालमीतले वस्ताद. एकदा दारात उभा राहून बघलालतो, तर म्हणले, "उद्या पाचला ये. लंगोट नसला तर चड्डीवर ये." बस्स. बाप कुठंय, काय करतो, एक शब्द नाही. पाचला गेलो नाही तर साडेपाचला माणूस घरी. माती मळायची, जोर मारायचे, थंडाई मिळायची शनिवारी. गणपतीच्या आधी महिनाभर संध्याकाळी लेझीम. आमच्याकडं गणपती म्हणजे लेझीम, हे सोलापूरकराला सांगायला नको.

बाप ऑक्टोबरात आला. मिशा वाढलेल्या, काळा पडलेला, मला ओळख लागेना. मी जेवण टाकून तालमीत गेलतो. वस्तादनी बघितलं, कान धरला आणि गेटाबाहेर काढला. "आज सुट्टी. बापासंगं जेव जा." चौदा वर्षांत त्यांनी बापाचं नाव काढलेलं तेवढंच.

तुमचं ते अमेरिकेतलं जे हाय ना, आहे त्या क्लबात जागा करून द्यायची, ते आमच्याकडं तालीम नावानं होतंच की. आता तालमी ओस पडल्यात, मोबाइल धरून बसलेत सगळे. पण लेझीमच्या वीस जोड्या माझ्याकडं हायेत. हाक मारा, येतो.

कडक_भाकरी · मंगळवार, सकाळी ८.१०

+१. आणि माझा मुद्दा मागे घेतो. म्हणजे अर्धा घेतो.

निशिगंध · मंगळवार, दुपारी १.१५

शालेय समुपदेशक आहे. वरचं वाचून आनंद झाला, पण जरा खडूसपणा करणार आहे, तो सहन करा.

ज्यांना मुलं आवडतात अशी सगळी माणसं मुलांसाठी बरी असतात असं नाही. खोलीत मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं हवीत, त्यातली एक बाई. दार उघडं राहील. नवा स्वयंसेवक ओळखीचा असला तरी कागदपत्रं आणि पोलीस पडताळणी. हे ऐकून ज्याला राग येईल त्याला घेऊच नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे आणि तो सोलापुरालाही लागू आहे. फोटो नाहीत, अजिबात नाहीत. जे वर्तमानपत्रात छापून आणायचं म्हणतील त्यांना खाली चहा पाजून परत पाठवा.

बोलण्याबद्दल एकच. "आता तूच घरातला कर्ता" हे वाक्य मुलाला कोणी म्हणू नये. सात वर्षांचं पोर ते खरं धरतं. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने रात्री दाराला आतून पाट लावून त्यावर झोपायला सुरुवात केली होती. घर राखायचं म्हणून.

वडिलांविषयी मुलाने स्वतः विषय काढला तर हातातलं काम न थांबवता ऐका. कॅरम खेळत असाल तर सोंगटी मारत राहा. डोळ्यांत डोळे घालून "हं, सांग बाळा" केलं की संपलं.

झोप उडाली, खाणं सुटलं, शाळेत जायलाच नको म्हणतोय असं दोन-तीन आठवडे चाललं तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं. सैन्यदलातल्या लोकांसाठी आणि कुटुंबांसाठी त्यांचा वेगळा कक्ष पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. मूल धोक्यात आहे असं वाटलं तर १०९८. आणि कंबरतलाव, १४४१६ तुमच्यासाठीही आहे.

तळपती_तलवार · मंगळवार, दुपारी ३.००

देशासाठी बाप लढतोय आणि पोरं चड्डी ओली करतात? पोराला आत्तापासून कणखर

*(उर्वरित प्रतिसाद अप्रकाशित. – संपादक मंडळ)*

पल्टणवाला · मंगळवार, दुपारी ३.२५

संपादकांनी काढलं ते बरं केलं. पण वाचलं मी. पहिल्या फायरिंगला भल्याभल्यांचं काय होतं ते या तलवारीला छावणीत नेऊन दाखवलं असतं.

ग्रंथपाल_सोमवार_बंद · मंगळवार, संध्याकाळी ७.००

आमच्या वाचनालयाची वरची खोली शनिवारी पाच ते सात रिकामी असते. भाडं नको. अटी तीन. चप्पल खाली काढायची. पंखा एकच आहे, त्याखाली बसण्यावरून भांडायचं नाही. पुस्तकात कोणी शेव-चिवडा खाल्लेल्या हाताने पान उलटलं तर मी बोलणार.

अवांतर: डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याच गावचे. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनच्या युद्धात गेले, ते परत आले नाहीत. डिसेंबर १९४२ मध्ये वारले तेव्हा मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. गावात त्यांचं स्मारक आहे, शाळेच्या सहली जातात. तिथे उभं राहून मला नेहमी त्या पोराचंच आठवतं. असो. खोलीची किल्ली माझ्याकडे.

दूरदेशी_सोलापूरकर · बुधवार, पहाटे ५.३०

कॅरम, लेझीम, खोली, किल्ली. ताई, आता माघार नाही.

कंबरतलाव · चौथा शनिवार, रात्री ९.५०

धागा वर आणतेय. आज पहिला शनिवार झाला.

सात मुलं आली. माझी दोन, अक्कांचा नातू, पल्टणवाल्या काकांनी अक्कलकोट रोडवरून आणलेली दोघं भावंडं, एक बार्शीहून, आणि कडक_भाकरींनी स्कूटरवर पुढे उभं करून आणलेलं त्या ट्रकवाल्यांचं पोर. कोण कोणाचं कोण, हे मुलांनी विचारलं नाही. पहिला अर्धा तास खिडकीजवळ कोण बसणार यातच गेला. निशिगंधताई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, पहारेकऱ्यासारख्या. सरांचा कॅरम खरंच चांगला आहे, पण ते मुलांना जिंकू देत नाहीत, ते बघावं लागेल.

भावंडांच्या वडिलांनी सुट्टीत गोष्ट रेकॉर्ड करून ठेवली होती, ती लावली. माकड आणि मगर. मगर माकडाला घेऊन पाण्याच्या मधोमध आली आणि रेकॉर्डिंगमध्ये कुकरची शिट्टी झाली. सगळी पोरं फिस्सकन हसली. त्यातली धाकटी एकदम ताठ बसून म्हणाली, "ती आमच्या कुकरची आहे." परत लावायला लावली. तीन वेळा ऐकली, मगरीसाठी नाही, शिट्टीसाठी.

नंतर लेझीम. माझी मुलगी पहिल्या रांगेत. धाकट्याचा डबा, आजीच्या गोळ्या, काही नाही डोक्यात, नुसती घाम पुसत होती. मी आणि अक्का खाली चहा पीत बसलो. चहा लेझीमवाल्यांच्या मिसेसनी आणला होता, थर्मासमधून. दोन तास मला कोणी काही मागितलं नाही. काय करायचं तेच कळेना, मग नुसती बसले.

मुलगा वर गेला नाही. जिन्यात सहाव्या पायरीवर बसला. वरून लेझीम ऐकत होता, पण कोणी बोलवायला आलं की भिंतीला चिकटायचा. तेवढ्यात ग्रंथपालकाका नव्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन जिन्यातच त्याच्या शेजारी बसले. त्याच्याकडे न बघता म्हणाले, "मला चष्म्याशिवाय दिसत नाही, शिक्का मारतोस का?" सात वाजेपर्यंत मारत होता. रिक्षात हात बघितला तर मनगटापर्यंत वाचनालयाचं नाव, उलटं-सुलटं. आंघोळीला नको म्हणाला.

ग्रंथपाल_सोमवार_बंद · चौथा शनिवार, रात्री १०.२०

एका चरित्राच्या मुखपृष्ठावर पाच शिक्के पडलेत. नायकाच्या कपाळावर एक.

पुढच्या वेळेसाठी सूचना. चेंडू शेजारच्या पत्र्यावर गेला आहे, लेझीमवाल्यांनी काढावा. पॅडची शाई संपली. अजून सत्तर पुस्तकं बाकी आहेत, तेव्हा येताना कुणीतरी बाटली आणा. जांभळीच आणा, निळी कागदावर पसरते.